चारशे मीटरची इंपोर्टेड हौस

"बॉस, बजेट अडीच लाख. गाडी इंपोर्टेडच हवी. ड्रॅग रेसिंगसाठी तयार करायचीय. कोणती घेऊ?"

असे मेल या पानाला नवे नाहीत. पण या वेळचा जरा वेगळा आहे. पाठवणारा मूळचा गोंदियाचा, नोकरी पुण्यात, हिंजवडीला. पहिलं दणदणीत इन्क्रिमेंट हातात पडलंय, घरच्यांनी लग्नाचं अजून मनावर घेतलेलं नाही आणि फ्लॅटचा ईएमआय सुरू व्हायला अवकाश आहे. थोडक्यात, गाडीवर पैसे उडवण्याचा सुवर्णकाळ. मेलच्या शेवटी एक ओळ आहे: "गाडी गोंदियाला घरीच ठेवीन, धाकटा भाऊ बघेल. टेस्टिंगचं टेन्शन नाही, कोहमारा रोड रात्री मोकळाच असतो."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे आणि ते नटबोल्टसकट देणारच आहे. पण मला जास्त छळतेय ती शेवटची ओळ. तिच्याकडे येऊच.

आधी 'इंपोर्टेड'चा घोळ

आपल्या आईबाबांच्या काळात 'इंपोर्टेड' म्हणजे दुबईच्या मामाने आणलेला टेपरेकॉर्डर नाहीतर सेंटची बाटली. महाग, चकचकीत आणि शोकेसमध्ये ठेवायची वस्तू. ड्रॅगच्या दुनियेत या शब्दाचा अर्थ अगदी उलटा आहे.

अमेरिकेत ड्रॅग म्हणजे डेट्रॉइटच्या अगडबंब व्ही-८ गाड्या, असं अनेक वर्षं समीकरण होतं. १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते मोडलं. त्यांच्यात आशियाई घरांतली मुलं बरीच होती. घरातली जुनी होंडा सिव्हिक घ्यायची, नको ते सामान काढून हलकी करायची, गॅरेजात रात्री जागवायच्या आणि दुप्पट मोठ्या इंजिनाच्या गाडीला स्ट्रिपवर मागे टाकायचं. त्यांच्यासाठी 'बॅटल ऑफ द इंपोर्ट्स' नावाच्या वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरिअस' आला आणि जगभरच्या पोरांना निळे निऑन दिवे लावायची खाज सुटली. म्हणजे मूळचा 'इंपोर्ट' हा श्रीमंतीचा शब्दच नाही. तो स्वस्त, छोट्या, हलक्या जपानी गाडीचा शब्द आहे.

आता आपल्याकडचा कायदा. परदेशातून सेकंडहँड गाडी आणायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवं, गाडी मुंबईच्याच बंदरात उतरायला हवी, आणि करांचा आकडा गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. म्हणजे नव्वदच्या दशकातली जपानी सिव्हिक किंवा स्कायलाइन कंटेनरमध्ये घालून रीतसर आणणं हे स्वप्न तिथेच संपलं. आधीपासून इथे असलेली खरीखुरी इंपोर्टेड जुनी गाडी मिळाली, तरी आणखी एक फटका आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या साध्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. तीच गाडी इंपोर्टेड असेल तर ८०,००० रुपये! अडीच लाखांतले ऐंशी हजार एका शिक्क्यावर घालवायचे असतील तर गोष्ट वेगळी.

२००४ च्या 'टारझन : द वंडर कार'मधली ती जांभळी गाडी आठवते? तिच्या कातडीखाली टोयोटाची एमआर-२ होती. ते सिनेमावाल्यांनी करावं. आपण जरा खालच्या शेल्फवर बघू.

मग घ्यायची कोणती?

गंमत अशी, की ज्या जपानी घराण्यांनी कॅलिफोर्निया गाजवला, त्यांचीच मुलं आपल्याकडे जन्मली, वाढली आणि आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली आहेत.

पहिली पसंती अर्थातच जुनी होंडा सिटी व्हीटेक. साधारण २००० ते २००३ च्या काळातली. दीड लिटरचं इंजिन, १०६ बीएचपी, आणि वजन ढोबळमानाने एक टन. त्या काळात ऑफिसच्या पार्किंगमध्ये ही गाडी म्हणजे मॅनेजरची खूण होती. आज तिचं नाव निघालं की जुने मेकॅनिक डोळे मिटून उसासा टाकतात. दुसरी मित्सुबिशी लान्सर. १९९८ पासून ती चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात बनत होती. रॅली गाजवणाऱ्या 'इव्हो'शी तिच्या बॉडीचं नातं आहे, पण भुलू नका. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन अगदी सरळमार्गी आहे. तिसरी जुनी मारुती बलेनो, १.६ लिटरची. आणि सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत हलकी आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होणारी मारुती एस्टीम. फोर्ड आयकॉन १.६ आणि फियाट पालिओ १.६ या जपानी नाहीत, पण मिळाल्या तर नाक मुरडू नका.

घेताना रंग बघू नका, गंज बघा. गाडी लिफ्टवर चढवा आणि दारांखालची पट्टी, स्ट्रटच्या माउंटिंगजवळचा पत्रा, चासी यांच्यावर टॉर्च मारा. चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करा. आकडे कमी असले तरी एकवेळ चालेल, पण त्यांच्यात मोठी तफावत नको. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा आणि उत्तर काहीही मिळो, नवा टाका. दुसरा गिअर जोरात टाकताना खरखरतो का ते बघा. इंधनाचे रबरी पाइप नक्की तपासा. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि या गाड्या बनल्या तेव्हा ते कुणाच्या गावीही नव्हतं. जुनं रबर त्यात लवकर कुजतं आणि गळतं, आणि गरम इंजिनाशेजारी गळणारं पेट्रोल काय करतं ते सांगायला नको.

मग कागद. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. कर्जाचा बोजा उतरलाय का, चलानं थकलीत का, नूतनीकरण झालंय का, हे बघा. एमएच-३५ असो की एमएच-१२, कागद नीट नसतील तर गाडी कितीही देखणी असो, निघून या.

घनमूळ नावाचा हिशेब

दहावीनंतर घनमूळ आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं ना? ड्रॅगमध्ये पडतं. अंतर असतं पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. ते किती सेकंदांत कापाल याचा एक जुना ठोकताळा आहे. गाडीचं ड्रायव्हरसकट वजन किलोत घ्या, त्याला बीएचपीने भागा, घनमूळ काढा आणि साधारण ७.६ ने गुणा.

सिटी एक टनाची, तुम्ही ७० किलोचे. १०७० भागिले १०६. उत्तर येतं सुमारे १६.४ सेकंद. आता तिच्यातून १०० किलो सामान काढा, उत्तर येतं १५.९. सामान तसंच ठेवून इंजिनातून १० बीएचपी जास्त काढा, तरीही १५.९. म्हणजे शंभर किलोचं सामान काढणं आणि दहा बीएचपी वाढवणं यांचा भाव एकच. फरक एवढाच, की सामान काढायला एक पाना आणि एक रविवार लागतो.

आणि ताकद अगदी दुप्पट केली, २१२ बीएचपी, तर? वेळ निम्मी होत नाही. ती येते १३ सेकंदांवर. साडेतीन सेकंदांसाठी इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि बहुधा संसार, सगळंच बदलावं लागतं. घनमूळ असं निष्ठुर असतं. म्हणून कमी बजेटवाल्याने ताकदीच्या मागे शेवटी लागायचं, आधी नाही.

बिल्डचा क्रम : थांब, पकड, हलकं, मग जोर

थांब. १६ सेकंदांची गाडी ४०२ मीटरच्या टोकाला ताशी १३० किलोमीटरच्या आसपास असते. तिथून ब्रेक लावला, तर प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, थांबायला कागदावर १३० मीटर लागतात. वीस वर्षांच्या ब्रेकना त्याहून जास्त. म्हणून पहिला खर्च नवे पॅड, नव्या डिस्क, ब्रेकचे नवे रबरी होज आणि ताजं डॉट-४ फ्लुइड. यात कुणी वॉव म्हणत नाही. म्हणूनच बहुतेक जण ते शेवटावर ढकलतात.

पकड. आपल्या यादीतल्या सगळ्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. सुटताना गाडीचं वजन मागे जातं आणि जी चाकं ओढणार, तीच हलकी होतात. पोरं याला 'काय स्पिन मारली!' म्हणतात. घड्याळ त्याला वाया गेलेला वेळ म्हणतं. पुढे मऊ कंपाउंडचे नवे टायर, हवेच्या दाबाचे दोन-तीन प्रयोग, इंजिनाची नवी माउंटिंग्ज आणि धडधाकट क्लच, एवढ्यावर बराच फरक पडतो. ड्रॅगमध्ये पहिल्या ६० फुटांची, म्हणजे १८ मीटरची वेळ वेगळी मोजतात. तिथे एक दशांश सेकंद वाचवला, तर शेवटच्या रेषेवर साधारण दीड दशांश पदरात पडतो.

हलकं. स्टेपनी, जॅक, मागची सीट, बूटमधला सबवूफर, आधीच्या मालकाने घातलेला लाकडी डॅशबोर्ड. हे सगळं इव्हेंटच्या दिवशी उतरवायचं. सीटबेल्ट आणि दारांच्या आतले बार मात्र नाहीत. बॅटरी घट्ट बांधलेली हवी.

जोर. आता कुठे इंजिन. आणि इथेही पहिली पायरी म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी करणं. प्लग, फिल्टर, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, इंजेक्टरची सफाई. वीस वर्षांत १०६ मधले बरेच घोडे पळून गेलेले असतात. आधी ते घरी आणा. मग इनटेक, एक्झॉस्ट आणि ट्यूनिंग. महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल नुसतं ओतून स्टॉक इंजिनात जादू होत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, ती नॉकिंग न होण्याची क्षमता आहे.

आणि हो, 'नॉस'. सिनेमात लाल बटण दाबलं की गाडी उडते. प्रत्यक्षात नायट्रस ऑक्साइड स्वतः जळतच नाही. ते उष्णतेने फुटतं आणि इंजिनाला जादा ऑक्सिजन पुरवतं. त्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही, तर मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं आणि पिस्टनला भोक पडतं. अडीच लाखांच्या बिल्डमध्ये ही बाटली म्हणजे घरात हत्ती पाळणं. विषय संपला.

शंभर रुपयांचं वाटप

किमती शहरागणिक बदलतात, म्हणून आकड्यांऐवजी प्रमाण घ्या. तुमच्या बजेटचे शंभर रुपये धरा.

गाडी आणि तिचे कागद : ४०
ब्रेक, टायर, सस्पेन्शन : २०
सर्व्हिसिंग, क्लच, माउंटिंग्ज : १५
हेल्मेट, अग्निशामक, सीट आणि बेल्ट : ५
इनटेक, एक्झॉस्ट, ट्यूनिंग : ५
इव्हेंटची फी, गाडीची ने-आण, राहणं-खाणं : १०
मोडलं तर : ५

शेवटून दुसरी ओळ पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येक पहिलटकराच्या एक्सेल शीटमध्ये ती नसते. टर्बोची किंमत तीन दुकानांतून काढलेली असते, पण गाडी पळवणार कुठे, या रकान्यात शून्य. गाडी मोकळ्या रस्त्यावर फुकटात पळवता येते, असं त्या शून्याचं म्हणणं असतं. आपल्या मेलवाल्या मित्राच्या शेवटच्या ओळीचंही तेच म्हणणं आहे.

गोंदियाला ड्रॅग कोण शिकवणार?

खरं तर गोंदियाच्या माणसाला ड्रॅग रेस समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या गावात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचं नाव शंकरपट.

धानाची कापणी-मळणी उरकली, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत पट भरतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत गेलेली पोरं सुट्टी टाकून येतात. आणि पट म्हणजे काय? सरळ आखलेली धाव. सुटायची खूण. बैलजोड्या. वजनाने हलकी छकडी, तिच्यावर धुरकरी. आणि निकाल सेकंदांत, सेकंदाच्या शंभराव्या भागात! वळणं नाहीत, लॅप नाहीत. हलकी गाडी, चांगली सुटका, सरळ धाव. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी नव्वदच्या दशकात शोधलं ते इथल्या आजोबांना पाठ होतं.

पण पटाकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. पट कधी चालू रस्त्यावर भरत नाही. त्याची जागा ठरलेली असते, तारीख ठरलेली असते, धाव साफ केलेली असते आणि बघे कडेला असतात. शिवाय त्याला कायद्याची लढाईही लढावी लागली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी शर्यती सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ चा आदेश यावा लागला, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी होते. बैलांना ज्या वागणुकीमुळे न्यायालयाने शर्यती थांबवल्या होत्या, ती वागणूक नको, हा त्या अटींचा अर्थ. साडेसात वर्षं एका अख्ख्या प्रदेशाने वाट पाहिली आणि खेळ नियमात बसवून परत आणला.

बैलाची तपासणी झाल्याशिवाय तो पटावर जात नाही. मग तुमची वीस वर्षांची होंडा तपासणीशिवाय कशी पळेल?

मोकळा रस्ता मोकळा नसतो

आता ती ओळ. "कोहमारा रोड रात्री मोकळाच असतो."

गोंदिया-कोहमारा रस्ता नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलपट्ट्यातून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीजवळ याच रस्त्यावर मोटारीच्या धडकेने एक वाघ जखमी झाला आणि मेला. त्याचा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. ती काही रेस नव्हती. रात्रीच्या अंधारात रस्ता ओलांडणारं जनावर आणि वेगातली गाडी, बस्स. वाघाच्या जागी रानडुक्कर धरा, टेललाइट नसलेली धानाची ट्रॉली धरा, मंडईतलं नाटक बघून दुचाकीवर तिघं परतणारं कुटुंब धरा.

आणि हिशेब पुन्हा मांडा. १३० च्या वेगात थांबायला किमान १३० मीटर. हेडलाइटच्या लो बीमचा उजेड ढोबळमानाने पन्नास-साठ मीटर. म्हणजे जे दिसतं ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. इथे ड्रायव्हरच्या स्किलचा प्रश्नच येत नाही, हे साधं वजाबाकीचं गणित आहे. समृद्धी महामार्गाचंही तेच. तो सरळ आहे, गुळगुळीत आहे, पण तिथली मर्यादा ताशी १२० आहे आणि शेजारच्या लेनमध्ये कुणाचं तरी कुटुंब झोपेतून शिर्डीला चाललेलं आहे.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीसाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पकडलात तर एक वर्षापर्यंत कैद, १०,००० पर्यंत दंड. कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येणार नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी. शिवाय तुमची विमा पॉलिसी काढून बारीक अक्षरं वाचा. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यात वगळलेलं असतं. म्हणजे रेसमध्ये गाडी ठोकली, तर स्वतःच्या नुकसानीचा रुपयाही मिळणार नाही.

मेलमध्ये दंड भरायची तयारी असेल, असं गृहीत धरू. पण टेस्टिंग करणार कोण? गाडी गोंदियाला, मालक पुण्याला. किल्ली धाकट्या भावाकडे. मित्रांसमोर, रात्री, दादाच्या गाडीत. अडीच लाखांच्या हिशेबात या मुलाचा रकाना कुठेच नव्हता.

मग पळवायची कुठे?

गोंदियाकर लगेच म्हणेल, बिरसी! धावपट्टी आहे ना. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली, सव्वादोन किलोमीटरहून लांब. तोंडाला पाणी सुटेल अशीच आहे. पण ते चालू विमानतळ आहे. तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमानंही उतरू लागली. तिथे होंडा घेऊन जायचा विचार कंपाउंडबाहेरच सोडा.

आपल्याकडे ड्रॅग वाढलं ते रीतसर परवानगी मिळालेल्या धावपट्ट्यांवर आणि रेस ट्रॅकवर. पुणे जिल्ह्यातल्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० च्या दशकात 'द व्हॅली रन' गाजली. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत. इव्हेंट निवडताना एकच प्रश्न विचारायचा : एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या फेडरेशनची, परवानगी आहे का? असेल, तर गाडीची तपासणी होईल, हेल्मेट सक्तीचं असेल, अ‍ॅम्ब्युलन्स उभी असेल आणि रेषेच्या पुढे थांबायला पुरेशी जागा असेल. नसेल, तर पोस्टर कितीही भारी असो, जाऊ नका.

पहिल्यांदा जाल तेव्हा जिंकायला जाऊ नका, वेळ आणायला जा. शक्य तर गाडी साधीच न्या, फक्त ब्रेक आणि टायर नवे. सुटायचे दिवे समजून घ्या. कुठे पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकामागोमाग लागतात, कुठे तिन्ही एकदम लागून ०.४ सेकंदात हिरवा होतो. तुमची वेळ गाडी हलल्यापासून मोजली जाते, पण समोरच्याला हरवायचं तर हिरव्यावर झोपून चालत नाही. अमेरिकेत 'ब्रॅकेट' नावाचा प्रकार आहे. आपली वेळ आधीच सांगायची, हळू गाडीने तेवढ्या फरकाने आधी सुटायचं, आणि सांगितल्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर बाद. त्यात १६ सेकंदांची एस्टीमही १२ सेकंदांच्या राक्षसाला हरवू शकते. कमी बजेटवाल्यांसाठी याहून न्यायी खेळ नाही. चार मित्र मिळून इव्हेंटच्या दिवशी आपापसांत खेळून बघा.

तर मित्रा, तुझं उत्तर

सिटी व्हीटेक घे. नाहीच चांगली मिळाली, तर एस्टीम. गाडी पुण्यातच ठेव, कारण ट्यूनरही तिकडे आणि धावपट्टीही त्याच जिल्ह्यात. गोंदियाहून दर वेळी जवळपास नऊशे किलोमीटर गाडी आणण्यात तुझं इव्हेंटचं बजेट पहिल्याच खेपेला संपेल.

पण गोंदियाला पूर्ण विसरू नकोस. राईस मिलच्या गावात लेथ आणि वेल्डिंगवर हात बसलेले कारागीर असतात. माउंटिंगचा ब्रॅकेट, सीटची फ्रेम, बॅटरीचा क्लॅम्प, अशी कामं दिवाळीच्या सुट्टीत तिथे करून घे. पुण्यातल्या चकाचक वर्कशॉपपेक्षा काम घट्ट होईल आणि चहा फुकट मिळेल.

आणि धाकट्याला या प्रोजेक्टमधून वगळू नकोस. वगळलंस तर तो दुसऱ्या कुणाची तरी गाडी घेऊन त्याच रस्त्यावर जाईल. त्याला सुट्टीत पुण्याला बोलव. टायरची हवा त्याला तपासू दे, १८ मीटरची वेळ त्याला वहीत लिहू दे, दिवसाच्या शेवटी एक रन हेल्मेट घालून त्यालाही मारू दे, अर्थात लायसन्स असेल आणि आयोजकांच्या नियमात बसत असेल तर. एकदा छापील स्लिपवर स्वतःची वेळ बघितली, की कोहमारा रोडवरच्या "दादा, एकशेचाळीसला टच केली" या थापेत त्याला काही मजा वाटणार नाही.

किल्ली मात्र तुझ्याकडेच ठेव.